उडता न येणारा शिकारी : तुमचे प्रश्न

मृगाचा पाऊस झाला की आमच्याकडं किड्यांचे फोटो यायला सुरुवात होते. लाल मखमली मृगाचे किडे तर दरवर्षीचेच. पण या वेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निम्मे प्रश्न एकाच किड्याचे निघाले, काळा, मोठा, पांढऱ्या ठिपक्यांचा आणि उडत नाही असा. म्हणून सगळा अंक त्यालाच दिला. कुंडीतला मिलीबग आणि चौकटीची वाळवी पुढच्या वेळी, तोवर थोडं थांबा.

प्रश्न : आम्ही दोघं रोज सकाळी विजापूर रोडला वनविहाराकडं फिरायला जातो. परवा रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी वाटेवर एक भलामोठा काळा किडा दिसला, दीड इंच तरी असेल, पाठीवर गोल पांढरे ठिपके, आणि पळतो म्हणजे लईच जोरात. मिस्टरांनी रुमालानं उचलायला बघितलं तर त्यानं मागून कायतरी उडवलं, बोट झोंबायला लागलं आणि आंबट वास आला. सासूबाई म्हणतात विषारी असतो, दिसला की चपलेनं मारायचा. फोटो पाठवलाय. खरंच विषारी आहे का? घरात शिरला तर काय करायचं?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, फोटो हललाय पण ठिपके मोजता येतायत, तेवढं पुरतंय. कडक पाठीवर चार मोठे आणि त्याच्या पुढं, मानेसारख्या भागावर दोन छोटे. म्हणजे हा अँथिया सेक्सगुटाटा, सहा ठिपक्यांचा ग्राउंड बीटल. फॅब्रिसियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं १७७५ साली याची नोंद केली, म्हणजे पेशवाईच्या काळापासून हा पुस्तकात आहे आणि आपल्याला अजून सासूबाईंना विचारायला लागतंय! जमिनीवर राहून शिकार करणारे भुंगेरे म्हणजे कॅराबिडी हे कुटुंब, जगभरात त्याच्या सुमारे ४०,००० जाती आहेत आणि आपल्या बाजूच्या कोरड्या झुडपी रानात दिसणाऱ्यांपैकी हा अंगानं चांगलाच मोठा.

विषारी म्हणाल तर साप-विंचवासारखं टोचून विष घालणं याला जमत नाही. चावला तर चिमटा बसेल, जबडे दणकट असतात, बस. खरं हत्यार मागं आहे. पोटाच्या शेवटच्या टोकाला दोन ग्रंथी असतात, धोका वाटला की त्यातून तो आम्ल फवारतो. अँथिया गणातल्या, म्हणजे याच्या सख्ख्या जातींच्या गटातल्या, भुंगेऱ्यांचा भर फॉर्मिक अ‍ॅसिडवर असतो, काही जातींच्या मुंग्या चावल्यावर आग होते त्यात हेच असतं, फक्त इथं डोस मोठा आणि तोही नेम धरून. आफ्रिकेतल्या याच्या भाऊबंदांची तर डोळ्यावर मारण्याबद्दल ख्याती आहे. मिस्टरांच्या बोटावर निभावलं ते बरं झालं. हाताला लागलं तर साबण लावून भरपूर पाण्यानं धुवायचं. डोळ्यात गेलं तर मात्र चेष्टा नाही, नळाखाली डोळा उघडा ठेवून निदान पंधरा मिनिटं पाणी सोडायचं आणि लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. गुलाबपाणी, तूप, आईचं दूध असलं काही घालत बसू नका. फिरायला नेलेल्या कुत्र्यालाही त्याच्यावर नाक लावू देऊ नका, नाकाची आग झाली की बिचारं दिवसभर शिंकत फिरेल.

चार्ल्स डार्विनलाही हा प्रसाद मिळालाय. केंब्रिजला शिकत असताना झाडाच्या सालीखाली त्याला दोन कॅराबस भुंगेरे सापडले, ते त्यानं दोन हातात धरले, तेवढ्यात तिसरा दिसला, तो दुर्मिळ. आता हात दोनच. मग पठ्ठ्यानं हातातला एक दातात धरला, आणि त्या भुंगेऱ्यानं सरळ घशात आम्ल सोडलं. शेवटी तिन्ही गेले. पुढं १८४६ सालच्या एका पत्रात त्यानं स्वतःच ही गोष्ट लिहिलीय.

आता ठिपके. ते रंगानं रंगवल्यासारखे दिसतात पण असतात बारीक पांढऱ्या केसांचे गुच्छ, त्यामुळं म्हातारा झालेला किडा असला तर घासून घासून एखादा ठिपका अर्धा गेलेला दिसतो. आणि ते शोभेला नाहीत. काळ्यावर पांढरं लांबून दिसतं, एकदा आम्ल खाल्लेला पक्षी किंवा सरडा ते लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या वेळी वाट सोडून जातो. ही पाटी एवढी चालते की दुसरे तिची कॉपी मारतात. दक्षिण भारतातल्या झुडपी रानात डोमिनो कॉक्रोच म्हणून एक झुरळ आहे, थेरिया पेटिव्हेरियाना, काळं अंग आणि साधारण सात पांढरे ठिपके, ते याचीच नक्कल करतं असं मानतात. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात तर कमाल आहे, तिथं एका सरड्याची पिल्लं काळी-पांढरी असतात आणि पाठ कमानीसारखी वर काढून ताठ पायांनी, भुंगेऱ्याच्या चालीनं चालतात, मोठी झाली की रंग बदलतात आणि नीट सरड्यासारखी पळायला लागतात. ह्यूई आणि पियांका या दोन संशोधकांनी १९७७ साली हे दाखवून दिलं. तिथले खरे भुंगेरे अँथियाच.

घरात आला तर सुपली आणि केरसुणी, एवढंच. सुपलीत घ्या, तोंड लांब ठेवा, कंपाउंडबाहेर झुडपात सोडा. तो घरात वस्ती करत नाही, धान्याला लागत नाही, कपडे खात नाही, चुकून आलेला असतो. सासूबाईंना सांगा, चपलेनं मारायला गेलं तर वाकावं लागतं आणि वाकलं की तोंड त्याच्या माऱ्यात येतं. हे कारण त्यांना पटेल.

प्रश्न : ऊस आहे साडेतीन एकर, मागच्या साली हुमणीनं निम्मा फड आडवा केला. यंदा बांधावर दगडाखाली काळे ठिपक्याचे भुंगेरे सापडायलेत. शेजारी म्हणतो ही हुमणीचीच आई आहे, औषध मार. मारू का?
(एक शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : नको दादा. हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, तिचा भुंगेरा वेगळा. तो तपकिरी, लालसर, आणि उडतो. वळवाचा पहिला दणका बसला की संध्याकाळी जमिनीतून निघून कडूलिंबावर, बाभळीवर बसतो, पाला खातो, तिथंच नर-मादी जमतात. म्हणून तर आपण फांद्या हलवून ते खाली पाडतो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतो, किंवा प्रकाश सापळा लावतो. तुमच्या बांधावरचा ठिपक्याचा गडी झाडावर चढून पाला खाणार नाही आणि दिव्यावर उडत येणार नाही, उडायचे पंखच नाहीत तर येणार कशानं. अजून एक सोपी खूण सांगतो, मिशा बघायच्या. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशीचं टोक पंख्यासारखं उलगडतं, पानं पानं असतात त्याला. ह्याची मिशी शेवटपर्यंत दोऱ्यासारखी सरळ.

आणि हा खातो काय, तर दुसरे किडे. नाकतोडा, रातकिडा, अळी, जमिनीवर जे सापडेल ते. ग्राउंड बीटलमधल्या बऱ्याच जणांची खायची रीत जरा किळसवाणी आहे, शिकार जबड्यात धरायची, तिच्यावर पाचक रस ओकायचा, मांस बाहेरच विरघळवायचं आणि मग ते कालवण ओढून घ्यायचं. अळीचं नुसतं कातडं मागं राहतं. त्यांची पिल्लं म्हणजे अळ्यासुद्धा शिकारीच असतात, लांबट, सहा पायांच्या, चपळ, पुढं कोयत्यासारखे जबडे. हुमणीची अळी पांढरी, जाड, इंग्रजी सी सारखी वळलेली आणि सुस्त. खोदताना दोन्ही सापडल्या तर फरक लगेच कळतो, पळते ती ठेवायची.

पण म्हणून हे भुंगेरे तुमची हुमणी संपवतील असं मी म्हणणार नाही, तसं कुणी सांगितलं तर तो तुम्हाला काहीतरी विकायला आलाय. हुमणीची अळी मुळाशी खोल असते, हा वर फिरतो. हुमणीसाठी वळवाच्या पावसाला भुंगेरे गोळा करणं आणि मेटारायझियम बुरशी जमिनीत सोडणं हेच रस्ते, गावच्या कृषी सहायकाला वेळ विचारून घ्या. ह्याचा उपयोग एवढाच की वरच्या वर फिरणाऱ्या किडीला एक चौकीदार फुकट मिळतो. त्यासाठी तुम्हाला काही करायचं नाही, उलट दोन गोष्टी करायच्या नाहीत. बांध पेटवायचा नाही आणि पाचट जाळायचं नाही. आग लागली की उडणारा किडा उडून जातो, हा कुठं जाणार? आणि जळून गेलेल्या बांधावर पुन्हा माणूस, आपलं, किडा यायचा तर शेजारच्या बांधावरून चालत. शेजाऱ्यानंही पेटवला असेल तर विषयच संपला. पाचट कुजवलं तर रानाला फायदा आहे हे तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न : मी बार्शीला बीएस्सीला आहे, झूलॉजी. सरांनी सांगितलं की कीटकांचं यश पंखांमुळं आहे, उडता आलं म्हणून ते सगळीकडे पसरले. मग ज्याला पंख मिळालेत त्यानं ते सोडून का द्यावेत? हे तर मागं जाणं झालं ना? आणि न उडणाऱ्या ग्राउंड बीटलचं शरीर नेमकं कसं असतं ते जरा सविस्तर सांगाल का, आमच्या पुस्तकात झुरळच आहे फक्त.
(एक विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : झुरळच आहे फक्त, हे वाक्य वाचून बरं वाटलं, आमच्या वेळीही झुरळच होतं.

आधी शरीर बघू, मग कारण. भुंगेऱ्याला पंख चार. पुढची जोडी कडक, तिला आपण ढालपंख म्हणू, तिनं उडायचं नसतं, झाकायचं असतं. उडायचं काम मागच्या पातळ जोडीचं, ती एरवी घडी करून ढालपंखाखाली ठेवलेली असते. न उडणाऱ्या ग्राउंड बीटलमध्ये ही मागची जोडी आखडून नुसती खुंटी राहिलेली असते, काही जातींत तेवढीही नाही, आणि छातीतले उडायचे स्नायू गायब. मग ढालपंख उघडायची गरजच उरत नाही, म्हणून बऱ्याच जातींत ते मधल्या रेषेवर एकमेकांना कायमचे चिकटून जातात, ट्रंकेचं झाकण लावून वर वेल्डिंग मारावं तसं. उडणाऱ्या भुंगेऱ्याचे खांदे रुंद, चौकोनी असतात कारण आत स्नायूंना जागा लागते. न उडणाऱ्याचे खांदे उतरते, पाठ लांबट अंडाकृती. नुसत्या खांद्यावरून अंदाज बांधता येतो, अर्थात शंभर टक्के नाही.

चिकटलेल्या ढालपंखाचा अजून एक फायदा, खाली हवेची बंद पोकळी तयार होते. पोटाची श्वासाची भोकं या पोकळीत उघडतात, सरळ बाहेरच्या कोरड्या हवेत नाही, त्यामुळं अंगातलं पाणी कमी उडतं. वाळवंटातल्या न उडणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांवर याचा बराच अभ्यास झालाय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि मुरमाड माळ भट्टी होतो, तिथं ही सोय छोटी नाही.

आता उलटा कर आणि भिंगाखाली बघ, मेलेला सापडला तरच. मागच्या पायाचं अगदी बुडाचं पेर, म्हणजे कॉक्सा, छातीला पक्कं बसवलेलं असतं, हलत नाही, आणि मागं एवढं पसरतं की पोटाच्या पहिल्या दिसणाऱ्या पट्टीचे दोन तुकडे करतं. ही खूण दिसली की किडा अ‍ॅडेफॅगा या सबऑर्डरमधला, परीक्षेत विचारतात. त्याच्या शेजारी मागच्या मांडीच्या मुळाशी राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा फुगीर भाग असतो, तो ट्रोकँटर. पावलाला सगळ्या सहा पायात पाच-पाच पेरं. बऱ्याच जातींत नराच्या पुढच्या पावलाची पेरं रुंद आणि खाली चिकट केसांची गादी, मिलनाच्या वेळी मादीची गुळगुळीत पाठ धरून ठेवायला. मिशा अकरा पेरांच्या, डोळा आणि जबड्याचं मूळ यांच्या मधून निघतात. आणि माझा सगळ्यात आवडता भाग, पुढच्या पायाच्या नडगीला आतून एक खाच असते आणि खाचेत केसांचा कंगवा. किडा मिशी त्या खाचेत घालून ओढून काढतो, माती-धूळ साफ. वास, ओल, शिकार सगळं मिशीवर कळतं ना, ती मळून कसं चालेल. जिवंत किडा पाच मिनिटं शांत बघितलास तर हे मिशी विंचरणं नक्की दिसेल, त्याला कापायचीही गरज नाही.

आता का. पंख फुकट नसतात गं. ते बनवायला प्रथिनं लागतात, स्नायू पोसायला त्याहून जास्त. काही कीटकांत तर मादी अंडी घालायची वेळ आली की स्वतःचे उडायचे स्नायू विरघळवून तो माल अंड्यात घालते. म्हणजे हिशोब सरळ आहे, उडणं की अंडी. जिथं आज पाणी उद्या कोरडं, आज पीक उद्या नांगरट, तिथं उडता येणारा टिकतो. जिथं जागा वर्षानुवर्षं तशीच राहते, जुनं जंगल, डोंगरमाथा, न मोडलेला माळ, तिथं उडून जायचं कारणच उरत नाही, मग न उडणारी मादी जास्त अंडी घालते आणि तिचीच पोरं वाढतात. यात मागं जाणं कुठं आलं? उत्क्रांती जिना चढत नाही, खर्च बघते.

डार्विननं १८५९ साली वेगळं कारण दिलं होतं. अटलांटिक महासागरातल्या मदिरा बेटावर तेव्हा माहीत असलेल्या ५५० जातींच्या भुंगेऱ्यांपैकी २०० जातींना उडता येत नव्हतं, ही मोजदाद वोलॅस्टन नावाच्या इंग्रज किडेतज्ज्ञाची. डार्विन म्हणाला, बेटावर वारा सोसाट्याचा, जो उडेल तो समुद्रात पडेल, जो खाली बसेल तो वाचेल. ऐकायला एकदम पटतं. पण १९४३ साली डार्लिंग्टननं, ज्याचा या कॅराबिडीवर मोठा अभ्यास होता, डोंगर आणि बेटं दोन्हीकडचे भुंगेरे तपासले आणि म्हणाला वारा हे मुख्य कारण दिसत नाही, लहान आणि स्थिर जागा हे कारण दिसतं. पुढं १९९० साली रॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं बऱ्याच कीटकांची माहिती एकत्र करून जागेच्या स्थैर्याकडंच बोट दाखवलं. आता संपलं म्हणावं तर २०२० साली दक्षिण महासागरातल्या वादळी बेटांचा अभ्यास आला आणि त्यात वाऱ्याचा हात मोठा निघाला. माझं मत विचारशील तर दोन्ही खरं आहे, वारा म्हणजे उडण्याचा खर्च वाढवणारी अजून एक गोष्ट, पण तुझ्या सरांना हे मत म्हणूनच सांग.

एक शेवटचं, तुला जेनेटिक्स असेल तर आवडेल. काही ग्राउंड बीटलच्या जातींत एकाच जागी लांब पंखाचे आणि आखूड पंखाचे असे दोन्ही किडे सापडतात. स्वीडनच्या लिंडरॉथ या किडेतज्ज्ञानं त्यातल्या एका जातीची, टेरोस्टिकस अँथ्रासिनसची, पैदास करून १९४६ साली दाखवलं की आखूड पंख हा गुण मेंडेलच्या नियमानं उतरतो आणि तोच प्रभावी आहे. म्हणजे लांब पंख हवे तर पिल्लाला आईबाप दोघांकडून लांब पंखाचा जीन मिळाला पाहिजे. पंख जाणं ही कधीकधी एवढी साधी गोष्ट असते. परत येणं मात्र अवघड, कारण पंखाबरोबर स्नायू, खांदे, सगळंच हळूहळू बदलून जातं.

प्रश्न : मुलगी जर्मनीत शिकायला आहे. तिकडच्या जंगलात तिनं एक काळा भुंगा बघितला, कडेला जांभळी झाक, रात्री वाटेवर फिरत होता, तोही उडत नाही म्हणे. आपल्या ठिपक्यावाल्याचा नातेवाईक का? ती म्हणतीय की सुट्टीला येताना काडेपेटीत घालून आणते.
(एक वाचक, सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : काका, आधी फोन करून तिला सांगा, काडेपेटी नको. वर्णनावरून तो कॅराबस व्हायोलासियस दिसतोय, आणि जर्मनीत कॅराबस गणाच्या सगळ्या जातींना कायद्यानं संरक्षण आहे, पकडणं, मारणं, नेणं काही चालत नाही. किड्यापायी पोरीचं तिकडं लफडं नको.

नातेवाईक म्हणाल तर हो, कुटुंब एकच, पण गण वेगळा, घरं वेगळी. हा दोन ते साडेतीन सेंटिमीटरचा, युरोपातल्या ओलसर रानातला, दिवसा लाकडाखाली आणि पाल्यात दडतो, रात्री गोगलगाई, गांडुळं शोधत फिरतो. आपला कोरड्या माळाचा. तो सुद्धा बाहेरच पचवून पिणारा आणि तो सुद्धा मागून फवारणारा, फक्त त्याचं रसायन वेगळं, मेथाक्रिलिक आणि टिग्लिक आम्ल. कॅराबसची अळी तीन टप्प्यांत मोठी होते, मग मातीत खोली करून कोष करते. मोठा झालेला किडा एकापेक्षा जास्त हिवाळे काढू शकतो, किड्यांच्या मानानं म्हातारपण म्हणायला हरकत नाही.

मुलीला बघायचंच असेल तर एक गोष्ट बघायला सांगा. जंगलातून डांबरी रस्ता जात असेल तर हे किडे कडेपर्यंत येतात आणि बऱ्याचदा परत फिरतात. माडर नावाच्या जर्मन संशोधकानं जंगली ग्राउंड बीटलवर खुणा करून त्यांच्या हालचाली तपासल्या, १९८४ साली ते प्रसिद्ध झालं, रस्ता ओलांडून पलीकडं गेलेले फारच थोडे निघाले. डांबर तापतं, आडोसा नाही, पायाखाली ओळखीचा पाला नाही. म्हणजे आपल्याला वाटतं जंगल तेवढंच आहे, मधून फक्त रस्ता गेलाय, किड्याच्या हिशोबानं दोन वेगळी गावं झाली आणि त्यांच्यातलं लग्नकार्य बंद पडलं. इटलीत आल्प्समधल्या सेसेरा खोऱ्यात कॅराबस ऑलिंपी म्हणून एक हिरवा-सोनेरी भुंगेरा आहे, जगात जवळपास तेवढ्याच टापूत, आणि संग्राहकांनी पैशापायी तो संपवतच आणला होता. उडणारा असता तर शेजारच्या खोऱ्यात तरी वाचला असता.

आपल्याकडं पुणे-हैदराबाद हायवे चौपदरी झाला, आजूबाजूला प्लॉटिंग झालं, माळ नांगरून ऊस आला. उजनी धरणाचं पाणी आलं त्याला कोण नको म्हणेल. पण सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ पासून अभयारण्य आहे आणि सगळं लक्ष त्या पक्ष्याकडं, काळविटाकडं, लांडग्याकडं जातं. त्याच गवतात हा ठिपक्याचा किडा फिरतो आणि जागा तुटली की त्याला दुसरीकडं उडून जायची सोय नाही, याबद्दल कुणी बातमी करत नाही. करावी असं मला वाटतं.

प्रश्न : सर मी आठवीत आहे अक्कलकोटला. मला तो किडा पाळायचाय बरणीत. मित्र म्हणतोय काय बे मरतंय ते दोन दिवसात. पकडायचा कसा आणि खायला काय देऊ? आणि बल्बजवळ रात्री काळे किडे येतात ते हेच आहेत का?
(एक विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर : बल्बचं आधी. नाही, ठिपक्यावाला बल्बवर येत नाही, उडत नाही तो. पण ग्राउंड बीटलच्या कितीतरी छोट्या जाती मस्त उडतात आणि दिव्यावर येतात, त्यामुळं आलेल्यातले काही त्याच कुटुंबातले असू शकतात. बाकीचे शेणकिडे, हुमणीचे भुंगेरे, पाणकिडे, सगळी जत्रा असते.

पाळायचं राहू दे. मित्र फार चुकीचं बोलत नाहीये, बंद बरणीत त्यानं घाबरून फवारा मारला तर ते आम्ल त्याच्याच नाकातोंडाशी साचतं. त्यापेक्षा रात्रभराचा पाहुणा बोलव आणि सकाळी सोड. शास्त्रज्ञही असंच पकडतात, खड्ड्याच्या सापळ्यानं. एक प्लॅस्टिकचा उंच डबा घे, घरामागं किंवा तुमच्याच शेतात बांधाच्या कडेला खड्डा करून असा पूर की डब्याचं तोंड जमिनीच्या बरोबर सपाट यायला पाहिजे, काठ वर राहिला तर किडा वळून जातो, हीच चूक सगळे करतात. तळाला बारीक भोकं पाड म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. आत थोडा वाळका पाला टाक, लपायला, नाहीतर आत पडलेले एकमेकांना खातात. वरून चार दगडांवर एक फरशीचा तुकडा ठेव, खालून फट राहू दे. पाणी, साबण, औषध काही घालायचं नाही. संध्याकाळी लाव आणि सकाळी ऊन चढायच्या आत बघ, रोज, एक दिवस बघायचा नसेल तर डब्याला झाकण लाव किंवा उपटून ठेव. वनखात्याच्या जागेत असलं काही परवानगीशिवाय करायचं नाही.

डब्यात हात घालायचा नाही, विंचू आणि गोमही त्यातच पडतात. लांब काडीनं पाला बाजूला करायचा, वरून वाकून तोंड घालायचं नाही, फोटो काढायचा तर मोबाइल लांब धरून झूम कर. वहीत तारीख, रात्री पाऊस होता का, कोणता किडा, किती, एवढं लिही. मग डबा आडवा करून ठेव, तो आपला आपण चालत जाईल. ठिपक्यावाला मिळाला तर सहाच्या सहा ठिपके दिसतील असा वरून फोटो पाठव, आणि सोबत तुझ्या गावाचं नाव व तारीख लिही.